दोन हाडांचं माप

गादीवाल्यांचं वजन एकशे अठरा किलो होतं, आणि कोणी विचारायच्या आत ते स्वतःच सांगून टाकायचे. लोकांना मनातल्या मनात अंदाज बांधायला लावण्यापेक्षा हे बरं, असं त्यांचं मत. दुकानात एखादा सोफा मढवून तयार झाला की गिऱ्हाइकासमोर ते त्यावर धपकन बसायचे आणि म्हणायचे, "मी बसलो तरी करकरला नाही. आता तुम्ही खुशाल नाचा याच्यावर." गिऱ्हाईक हसायचं. गादीवालेही हसायचे. वजनावर आपण आधी हसलं की दुसऱ्याला फारसं हसता येत नाही, हे त्यांना शाळेत असतानाच कळलं होतं.

तीस वर्षं त्यांनी खुर्च्या, सोफे, दवाखान्यातली बाकं आणि न्हाव्याच्या गोल फिरणाऱ्या सीटा मढवल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्यांचं सगळं शास्त्र एका ओळीवर येऊन थांबलं होतं: टोचतंय? फोम वाढवा. अजून टोचतंय? अजून वाढवा. खुर्च्यांच्या बाबतीत या शास्त्राने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

वडिलांना मात्र हे शास्त्र मुळीच मान्य नव्हतं. अप्पा सुतार. वय एक्क्याऐंशी, अंगाने अगदी पाप्याचं पितर, आणि जिभेला रंध्याच्या पात्यासारखी धार. मुलाने सुतारकाम सोडून गादीकाम धरलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "लाकूड नीट तासलं असतं तर झाकायची वेळ आली नसती." त्या घरात बापापासून धाकट्या बहिणीपर्यंत सगळे काडीसारखे, आणि मधेच हा पोरगा. पाहुणे यायचे आणि याच्याकडे बघून म्हणायचे, "हा कोणावर गेलाय हो?" अप्पा कधी उत्तर द्यायचे नाहीत. हाक मात्र आजतागायत 'बाळ' अशीच मारायचे. बावन्न वर्षांच्या, दारातून थोडं तिरपं होऊन आत शिरणाऱ्या माणसाला बाळ!

अप्पा नदीच्या पलीकडे दोन खोल्यांत एकटे राहायचे. पुढच्या खोलीत कामाचं टेबल, भिंतीला ओळीने टांगलेल्या पटाश्या, मागच्या खोलीत पलंग. दोन वर्षांपूर्वी पायातली ताकद गेली, तेव्हापासून सकाळी त्यांना उठवून, अंघोळ घालून, दाढी करून, न्याहारी आणि गोळ्या देऊन कामाच्या टेबलाशी बसवावं लागायचं. एकदा तिथे बसवलं की मग दिवसभर काळजी नाही. लाकडाचा एखादा तुकडा तासत बसायचे. दुपारी शेजारच्या बाई जेवण आणून द्यायच्या, रात्री त्याच पलंगावर निजवून जायच्या. सकाळ मात्र गादीवाल्यांची होती. आपल्या बापाला अंघोळ घालायचं काम त्यांनी कधी दुसऱ्याला सांगितलं नाही.

निघताना अप्पा रोज एकच वाक्य बोलायचे, "उद्या जमलं नाही तर राहू दे रे." गादीवाल्यांना ते वाक्य रोज लागायचं. 'ये' असं त्या माणसाने कधी म्हणून म्हटलं नव्हतं.

मग पुलाच्या खांबाला तडे गेले आणि पूल गाड्यांना बंद झाला. पायी किंवा सायकलवरून जायला मुभा. लांबच्या पुलावरून बसने जायचं तर दोन बस बदलून दीड तास, आणि पहिली बसच साडेसहाला सुटायची. चालत जायला अंतर सात किलोमीटर आणि गादीवाल्यांचा उजवा गुडघा दोन किलोमीटरलाच हात टेकायचा. राहिली सायकल. धाकट्या बहिणीचा फोन आलाच. ती दुसऱ्या शहरात आठव्या मजल्यावर राहायची.

"दादा, मी अप्पांना इकडे घेऊन येते. लिफ्ट आहे, दवाखाना खालीच आहे."

"ते यायचे नाहीत."

"तू रोज सायकलवरून जाणार? तू?"

त्या दुसऱ्या 'तू'मध्ये काय होतं ते दोघांनाही कळलं. बहीण काही वाईट नव्हती. तिलाही रात्र रात्र बापाची काळजी वाटायची. पण अप्पांनी आधीच विचारून ठेवलं होतं, "तिथे लाकूड कुठे कापू? लिफ्टमध्ये?" टेबलापासून उठवलेला अप्पा म्हणजे चार महिन्यांचा पाहुणा, हे गादीवाल्यांना स्वच्छ दिसत होतं. तेव्हा त्यांनी बहिणीला शब्द दिला की एक दिवस खाडा होणार नाही. झालाच, तर तू म्हणशील तसं.

सायकल घेतली. भक्कम घेतली. पाय चालले, दमही पुरला, गुडघ्यानेही कुरकूर केली नाही. पण ज्या जागी बसायचं त्या जागेने पहिल्याच आठवड्यात बंड पुकारलं. पुलाच्या अलीकडे टोचायला लागायचं, पुलावर आग व्हायची, आणि पलीकडे उतरेपर्यंत मांड्यांच्या मधला सगळा भाग असा बधिर झालेला असायचा की तो आपलाच आहे का अशी शंका यावी. घरी बायको मलमाची ट्यूब हातात द्यायची आणि तोंड फिरवून हसायची. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. गादीवाले मनात म्हणाले, वजन उतरायला सहा महिने लागतील, अप्पांची अंघोळ उद्या सकाळी आहे.

ते सायकलवाल्या बाईंकडे गेले. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. बाई मोजकं बोलायच्या आणि बोलताना हातातलं काम थांबवायच्या नाहीत.

"काका, ही सीट काढा. याच्यापेक्षा अरुंद देते. आणि कडक."

गादीवाले बघतच राहिले. एकशे अठरा किलोच्या माणसाला ही बाई अरुंद सीट द्यायला निघालीय! आजूबाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती. गादीवाल्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर ते आपल्या वजनावर आधी हसत आले होते, इथे बाईंनी डाव साधला असं त्यांना वाटलं.

"गंमत करता होय?" ते म्हणाले. "तुमच्याकडची सगळ्यात रुंद सीट दाखवा."

बाईंनी खांदे उडवले आणि दाखवली. ताटाएवढी सीट, खाली दोन जाड स्प्रिंगा. तिच्यावर तीन दिवस बरे गेले, चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त आग. मग गादीवाल्यांनी आपलं शास्त्र बाहेर काढलं. दुकानातल्या उत्तमातल्या उत्तम फोमचा एक थर घातला. आठवड्याने दुसरा. मग वरून मऊ लोकरीचा नमदा, मग कडेने गोल उशीसारखी झालर, वर काळं रेक्झिन, दाभणाने घातलेले दुहेरी टाके. कारागिरीला नावं ठेवायला जागा नव्हती. गल्लीतली पोरं तिला सिंहासन म्हणायची. बसल्यावर पहिली दहा मिनिटं खरोखर राजा असल्यासारखी जायची. पुढे फोम दबायचा, अंग आत रुतायचं, आणि दबलेला फोम मधून आणि कडेने वर येऊन नको तिथे रेटायचा. प्रत्येक थरागणिक दुखणं वाढत होतं आणि प्रत्येक दुखण्यावर ते थर वाढवत होते. सोफ्याबद्दल कोणी असं सांगितलं असतं तर त्यांनी पहिल्या दिवशी चूक पकडली असती. स्वतःच्या बुडाबद्दल कोण शांत डोक्याने विचार करतो?

एका बुधवारी पुलाच्या मध्यावर त्यांना सायकल चालवणं अशक्य झालं. उतरले आणि हातात धरून चालायला लागले. गुडघा कुरकुरला, मग ओरडला. अप्पांच्या दारात पोहोचेपर्यंत साडेसातला दहा मिनिटं कमी होती. रोजच्यापेक्षा तासाभराला थोडाच कमी उशीर.

अप्पा पलंगाशेजारी जमिनीवर बसले होते. वाट बघून बघून स्वतःच उठायला गेले आणि घसरत खाली आले. लागलं नव्हतं. पण गार फरशीवर ते चाळीस मिनिटं बसून होते, आणि अंगावरचं धोतर भिजलं होतं. त्यांनी मुलाकडे बघितलंच नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, "काही नाही रे. जरा बसलो होतो."

 गादीवाल्यांनी बापाला उचललं. उचलताना वजन लागलंच नाही, आणि तेच फार लागलं.

शेजारच्या बाईंनी उघड्या दारातून पाहिलं होतं. त्यांनी चांगल्या मनाने बहिणीला फोन केला. अर्ध्या तासात बहिणीचा फोन गादीवाल्यांना आला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "दादा, रविवारी मी गाडी घेऊन येते. तू शब्द दिला होतास." गादीवाले "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही. अप्पांना गरम पाण्याने अंघोळ घातली, दाढी केली, अंडं आणि पाव खाऊ घातला, टेबलाशी पाठीच्या खुर्चीत बसवलं. अप्पांसाठी त्यांनी स्वतः मढवलेली आरामखुर्ची होती, एरवी गादीवाले तिच्यातच टेकायचे. आज तिच्यावर ओली चादर वाळत घातली होती. गुडघा तर अजून ठणकत होता. समोर टेबलाखालून अप्पांचं जुनं स्टूल डोकावत होतं. साधं, लाकडी, बिनपाठीचं. ते आपल्याला पेलणार नाही असं धरून गादीवाले लहानपणापासून त्याच्या वाटेला गेले नव्हते. आज म्हणाले, मोडलं तर मोडलं.

बसले.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. बहिणीला काय सांगायचं, अप्पांची हत्यारं कुठल्या खोक्यात भरायची, असलं काहीबाही डोक्यात चालू होतं. मग हळूच त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी नाहीये. दुखणं नाहीये. सकाळपासून जी जागा निखाऱ्यासारखी पेटली होती ती गप्प झाली होती. आणि खाली तर फोमचा एक कणही नव्हता.

"अप्पा," ते म्हणाले, "या स्टुलाला काय केलंय तुम्ही?"

अप्पांनी तासणं थांबवलं. "त्याच्यावर बसलायस होय? बरं वाटतंय?"

"दुखत नाहीये."

"मग कशाला दुखेल? हात फिरवून बघ."

गादीवाल्यांनी उठून हात फिरवला. वरून सपाट दिसणाऱ्या फळीत दोन उथळ खळगे होते, बशीच्या तळासारखे, आणि त्यांच्या मधून मागून पुढे एक रुंद पन्हळ.

"तीस वर्षं बारीक कोरीवकाम केलं मी," अप्पा म्हणाले. "दिवसाला दहा तास बसून. माणूस मांसावर बसत नाही बाळ, दोन हाडांवर बसतो. त्या दोन हाडांना खाली नीट आधार दिला आणि मधलं मोकळं ठेवलं की झालं. मांसाला आधार दिलास तर ते बोंब मारणारच. ते बसायला केलेलंच नाही."

"पण माझं वजन..."

"वजन वर असतं. हाडं खाली. ती फळी घे. खडू घास तिच्यावर. जाड घास."

गादीवाले बापाचं ऐकत होते, पण विश्वास नव्हता. तरी फळीवर खडू घासला, ती स्टुलावर ठेवली, आणि काळ्या पँटीने तिच्यावर सरळ बसून उठले. अप्पा म्हणाले, "वळ. पाठ कर माझ्याकडे. अजून जवळ ये. वाक जरा." बावन्न वर्षांचा माणूस बापासमोर ओणवा उभा राहिला आणि बापाने घडीची फूटपट्टी उघडून त्यांच्या पार्श्वभागावरच्या दोन पांढऱ्या डागांमधलं अंतर मोजलं. तेवढ्यात शेजारच्या बाई दारात आल्या, बघितलं आणि तशाच परत गेल्या.

 अप्पांनी पुन्हा मोजलं. मग खडूची फळी बाजूला सारून स्टूल स्वतःकडे ओढलं आणि पट्टी त्या दोन खळग्यांवर ठेवली.

"साडेबारा," ते म्हणाले. "सेंटिमीटर. आणि हेही साडेबारा."

गादीवाले वळले. अप्पा त्यांच्याकडे वर बघत होते. पातळ, सुरकुतलेला, नुकताच दाढी केलेला चेहरा, आणि त्यावर कधी न पाहिलेलं हसू.

"माझ्यावरच गेलायस की रे तू," ते म्हणाले. "वरून कळत नाही एवढंच."

गादीवाले पुन्हा स्टुलावर बसले. पाहुण्यांच्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं होतं, आणि तेही फूटपट्टीने मोजून. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यांनी ते पुसायचं कारणही शोधलं नाही.

दुपारी ते थांबत, बसत, सायकल हातात धरून सायकलवाल्या बाईंच्या दुकानात गेले. आज चार गिऱ्हाइकं होती. असू देत.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "साडेबारा सेंटिमीटर. त्या मापाची द्या."

बाईंनी पहिल्यांदा हातातलं काम खाली ठेवलं. "मोजलं कोणी?"

"वडिलांनी."

"शहाणे आहेत." त्यांनी फडताळातून एक जुनी चामड्याची सीट काढली. लाकडासारखी कडक, मध्ये लांब खाच. "हाडांच्या मापापेक्षा दोन बोटं जास्त रुंद धरायची असते. ही बरोबर बसेल. खालचा दांडा जाडातला घालते, तुमच्यासारखे दोघं बसले तरी वाकायचा नाही." मग त्या सिंहासनाकडे वळल्या, दाभणाचे टाके बोटाने चाचपले आणि म्हणाल्या, "काम मात्र सुरेख आहे. ही मला द्या. दुकानात बसायला घेते." गादीवाल्यांना हसू फुटलं. तीस वर्षांत एवढं खरं कौतुक थोड्याच लोकांनी केलं होतं.

बाईंनी सीट तीन बोटं उंच केली, टोक पातळी लावून सरळ केलं. "पहिले दोन-तीन दिवस त्या दोन हाडांवर जरा जाणवेल. ते सवयीचं दुखणं, घाबरू नका. बाकी कुठे दुखलं तर लगेच या."

गुरुवारी सकाळी गादीवाले नव्या सीटवर बसून निघाले. पहिला किलोमीटर कधी टोचतंय याचीच वाट बघत गेला. दोन हाडं जाणवत होती, बाईंनी सांगितलं तशीच, स्वच्छ, जागच्या जागी. बाकी काही नाही. पुलाचा चढ आला, गेला. पुलाच्या मध्यावर, जिथे बुधवारी उतरले होते, तिथे त्यांनी मुद्दाम पायडल मारायचं थांबवून सायकल नुसती सोडली. पाण्यावरून वारा येत होता. एवढ्या दिवसांत त्यांनी नदीकडे मान वळवून पहिल्यांदा पाहिलं. आग नाही. बधिरपणा नाही. त्यांचा जीव असा भांड्यात पडला की ते एकटेच मोठ्याने हसले, आणि समोरून चालत येणारे एक आजोबा दचकून कठड्याला चिकटले.

सहा पंचवीसला ते अप्पांच्या दारात होते. शुक्रवारी सहा वीसला. शनिवारी सहा वीसला.

रविवारी बहीण लांबच्या पुलावरून गाडी घेऊन आली, साडेआठ वाजता, दोन रिकाम्या बॅगा घेऊन. दारातच थांबली. अप्पा अंघोळ, दाढी, न्याहारी आटोपून, स्वच्छ सदरा घालून टेबलाशी बसले होते आणि गोल पटाशीने एका फळीत खळगा कोरत होते. शेजारी स्टुलावर दादा बसला होता आणि फळी घट्ट धरून होता. दोघांच्या अंगावर भुसा. बहिणीने मोठ्या भावाला सुताराच्या टेबलाशी बसलेलं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"याला दुकानात बसायला स्टूल करतोय," अप्पा म्हणाले. "मापं तीच आहेत. नवीन काढायला नकोत."

बहीण बॅगा घेऊन मागच्या खोलीत गेली.  गादीवाले उठून तिच्यामागे गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती, बॅगा पायाशी.

"दादा, बुधवारसारखं परत झालं तर?"

"नाही होणार."

"कशावरून?"

काय सांगावं? हाडं, खडू, चामड्याची सीट. ते म्हणाले, "आज पण आलो की सायकलवरून. बघ माझ्याकडे. लंगडतोय का?"

तिने बघितलं. खरंच नव्हते लंगडत. बहीण लहानपणापासून हुशार, तिला नुसत्या शब्दांनी पटवणं कठीण. पण भाऊ खोलीत शिरल्यापासून आरामात उभा आहे, कशाला टेकत नाही, हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. मग तिने बाहेरच्या खोलीकडे कान दिला. पटाशीचा आवाज येत होता. थांबून थांबून, पण येत होता. तिने एक बॅग दुसऱ्या बॅगेत कोंबली आणि चेन लावली.

"महिन्यातून एकदा मी येणार," ती म्हणाली. "त्या दिवशी तू घरी झोपायचं."

"झोपतो," गादीवाले म्हणाले, आणि त्यांना तिची एवढी माया वाटली की त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली, ती तिसरीत असताना मारायचे तशी.

बहीण गेल्यावर त्यांनी टेबलावरचा भुसा झाडला, अप्पांच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला, गोळ्यांची डबी ठेवली आणि सायकल दारातून बाहेर काढली. रोजच्या वाक्याची वाट बघत ते उंबऱ्याशी क्षणभर थांबले.

अप्पांनी फळीवर फुंकर मारली. वर न बघता म्हणाले, "बाळ, उद्या जरा लवकर ये. दुसरा खळगा राहिलाय."